फोटोतला हात

दवाखान्यातल्या बाकावर बसले होते, तेव्हा आक्कांचा मोबाइल माझ्या पर्समध्ये वाजला. कुणीतरी निरोप पाठवून विचारत होतं, 'त्या पितळी डब्याचं झाकण घट्ट बसतं का?' उत्तर मला ठाऊक होतं. झाकण जरा तिरकं बसायचं, आणि तेही आक्कांनी फोटोत बोटानं दाखवलं होतं. मी लिहायला घेतलं, तेवढ्यात मोठे दीर आतून आले आणि बाकाखालच्या आक्कांच्या चपला पिशवीत घालून शेजारी बसले. त्यावरूनच कळलं, आक्का गेल्या... 'बसतं, पण' एवढंच माझं लिहून झालं होतं. नंतर मी तेही पुसलं.

आक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. माहेर शिरोळचं, सासर आमचं त्याच जिल्ह्यात, मंगळवार पेठेतलं. जावाजावांचं पटत नाही असं म्हणतात. आमचंही पहिली काही वर्षं रीतसर पटत नव्हतं. त्यांना जुन्या तांब्यापितळेच्या भांड्यांचा नाद. लोकांनी मोडीत घातलेले गडू, डबे, समया दुकानातून वजनावर उचलून आणायच्या आणि मोरीत बसून चिंचेनं घासत राहायच्या. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा मी वैतागून म्हटलं, "आक्का, विका तरी ही ऑनलाइन." मी चिडून बोलले होते, त्यांनी मनावर घेतलं. "मग दाव की कसं करत्यात त्ये," म्हणून मोबाइल पुढ्यात ठेवला.

पहिलीच विक्री अंगाशी आली. भातुकलीतलं घंगाळ होतं, मुठीत मावेल एवढं. मी हौसेनं इतक्या जवळून फोटो काढला, की पुण्याच्या एका बाईंना ते आंघोळीचं वाटलं आणि एवढं स्वस्त बघून त्यांनी लगेच मागवून टाकलं. पार्सल पोचल्यावर फोन आला, "यात काय मुंगीला आंघोळ घालू?" मी लाजेनं मेले. आक्का शांतपणे म्हणाल्या, "चुकलं आमचं, बाई. परत पाठवा, खर्च आमी देतो." फोन ठेवल्यावर मात्र पदर डोळ्याला लावून हसत राहिल्या. घंगाळ परत आलं, तेव्हा म्हणाल्या, "हितनं फुडं मी वस्तू धरतो, तू फोटो काढ. हातापरीस मोठं का बारकं, लोकास्नी कळंल." तेव्हापासून आमच्या प्रत्येक फोटोत तो हात आला. रुंद तळवा, हिरव्या बांगड्या, अंगठ्यावर विळीचा जुना वण, आणि कितीही धुतलं तरी नखांच्या कडेला राहिलेला पितळेचा काळा मळ.

जुन्या बाजारात त्यांच्याबरोबर जायचं म्हणजे मला घाम फुटायचा. हवी ती वस्तू त्या आधी बघायच्याच नाहीत. शेजारच्या कळशीचा भाव विचारायच्या, नाक मुरडायच्या आणि जाता जाता गडू उचलायच्या. "ह्यो कसा?" भाव ऐकला की, "पोचा हाय की बुडाला." दुकानदार म्हणायचा, "अवं मावशी, जुना माल हाय, पोचा असनारच." "मग भाव बी जुनाच लाव की." तरी जमलं नाही, तर कानडीत 'ब्याड', म्हणजे नको, म्हणून चालू लागायच्या. मी मागं वळून बघायचे, त्या कधी बघायच्या नाहीत. मागून हाक यायचीच. आणि गंमत अशी, की बाजारात जो पोचा काढून भाव पाडला, तोच फोटोत बोट ठेवून दाखवायच्या. खोट दाखवून कुणी विकतं का, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "त्याला दावली तशी घेनारीला बी दावायची. भांडं त्येच हाय न्हवं?"

दुपारी मागच्या खिडकीत ऊन यायचं, तेव्हा आमचे फोटो चालायचे. त्या भांडं धरायच्या, मी मोबाइल. मी घाई केली की म्हणायच्या, "थांब की, ऊन येऊ दे." ऊन येईपर्यंत आम्ही बोलत बसायचो. माहेरची माणसं, पुरात गेलेलं त्यांच्या आईचं कपाट, माझी गुडघेदुखी... सख्ख्या बहिणीशी मी इतकं कधी बोलले नाही. मला आक्कांची फार आठवण येते, आणि ती नेमकी त्याच वेळेला येते.

आक्का गेल्यावर महिनाभरानं दीर म्हणाले, "शोभा, उरल्यालं सगळं मोडीत घालूया. बघवत न्हाय." त्यांचं चुकत नव्हतं. पण मोडीतून आक्कांनी जे वर काढलं, ते मी परत तिथंच कसं टाकू? आमचं ऑनलाइन दुकान बंद झालं की फोटोंतला तो हातही गेला. "भावजी, थोडं थांबा," एवढंच म्हणाले.

आक्कांनी शेवटी आणलेल्या गडूचा फोटो राहिला होता. मी डाव्या हातात गडू धरला, उजव्यानं कसाबसा फोटो काढून टाकला. संध्याकाळी नाशिकच्या एका नेहमीच्या बाईंचा निरोप आला, 'हात वेगळा दिसतोय. आक्का बऱ्या आहेत ना?' मी कळवलं. मग उत्तर आलं, 'गडू मला पाठवा. पण पोचा दाखवला नाहीत. त्यांनी दाखवला असता.'

दुसऱ्या दिवशी गडू घासायला मोरीत गेले. पुण्याहून परत आलेलं ते घंगाळ कट्ट्यावर होतं. आक्का त्यात चिंच ठेवायच्या. त्यांनी शेवटचा पिळून ठेवलेला गोळा वाळून खडखडीत झाला होता आणि त्यावर त्यांच्या बोटांच्या खाचा जशाच्या तशा होत्या. मी माझी बोटं त्यात ठेवून बघितली. माझी बारीक पडली... मी नवी चिंच दुसऱ्या वाटीत भिजत घातली.

गडू धरायचा, पोच्यावर बोट ठेवायचं आणि मोबाइलही धरायचा, हे एकटीला जमेना. शेवटी दिरांना हाक मारली. ते आले, मोबाइल घेऊन खिडकीशी उभे राहिले, आणि पडद्यावरच्या माझ्या हाताकडे बघतच राहिले. मी विचारलं, "काढला का?"

"थांब की," ते म्हणाले, "ऊन येऊ दे."

फोटो काढून झाल्यावर मोबाइल माझ्या हातात देऊन ते दारापर्यंत गेले आणि मोरीकडे बघत थांबले.

"त्या घंगाळातली चिंच तेवढी टाकू नगंस."