बारीक होण्याची पुडी

कन्हानच्या खाणीत बाबांचा पाय गेला आणि आम्ही नागपूरच्या महाल भागातल्या एका बोळात, एका खोलीत राहायला आलो. आई चार घरचा स्वयंपाक करायची. लोकांकडे पुरण वाटून आली तरी आमच्या ताटात भाकर आणि पाण्यासारखं वरण. ताईने सातवीतून शाळा सोडली, कारण दोघींतल्या एकीनेच शिकावं एवढीच ऐपत होती. ती नळावरून पाणी आणायची, बाबांना उचलून बसवायची, आणि मी पुस्तक घेऊन बसायची. आमच्या खानदानात बी.एस्सी. झालेली मी पहिली. ते मी आजही ताठ मानेने सांगते.

ताई अंगाने थोराड. खाऊन लठ्ठ व्हावं असं आमच्या घरी काही शिजतच नव्हतं, तिची हाडंच तशी. पण मुलगी बघायला येणाऱ्यांना हाडं कळत नाहीत. एका स्थळाकडच्यांनी तिला खोलीभर चालवलं. पोराच्या मावशीने तिचा दंड दाबून पाहिला, बाजारात भोपळा दाबतात तसा. पोरगा कुठल्याशा कचेरीत कारकून, पोट शर्टाच्या बटणांना झेपत नव्हतं. त्याला कोणी चालवलं नाही.

"पोरगी कामाची हाय, पण भल्ली जाडी हाय वं बाई," मावशी आईला म्हणाली. "थोडी उतरवा. उन्हाळ्यात येतो पुन्हा पाहाले."

उतरवा! जशी काही चुलीवरची वरणाची गंजी.

उतरवणारा आमच्या बोळाच्या तोंडाशीच बसला होता. पाटीवर 'डॉक्टर' लिहिलेलं, कशाचा ते लिहायला जागा पुरली नसावी. चांगल्या घरच्या, शिकलेल्या बाया रिक्षातून उतरून, तोंडावर पदर ओढून आत शिरायच्या. आई ज्यांच्याकडे पोळ्या लाटायची त्यांतल्याच एकीने तिला तिथे धाडलं. पुडीत पिवळी भुकटी असायची, हिमालयातल्या मुळीची म्हणे. मला कोणी सांगितलं नाही. मी सायन्सवाली, फाटे फोडीन अशी भीती.

तेव्हा मी हिंगण्याच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत लागले होते. तिथे कापडाचा काळा रंग बनायचा, आणि तो ज्यापासून बनतो ती भुकटी पिवळी असते. डायनायट्रोफेनॉल. नाव लांबलचक, पण माझं काम सोपं होतं. भांडी धुतली की शेवटच्या पाण्यात चुन्याची निवळी टाकून बघायचं. पाणी पिवळंजर्द झालं, तर विष बाकी आहे, पुन्हा धुवा. हातमोज्यांशिवाय त्या खात्यात पाय ठेवायची मुभा नव्हती. हे विष माणसाला आतून तापवतं, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तर विचारायलाच नको.

ताईला घाम सुटू लागला. सकाळी अंघोळ करून आली की पोलकं ओलं. गाल बसले. आई खूष. मग एका सुटीच्या दिवशी ताईचे डोळे पिवळे दिसले, आणि आईने निदान केलं, कावीळ. पलीकडच्या बोळातून कावीळ उतरवणारी बाई आणली. आमच्याकडे ती रीत आहे. हाताला चुना चोळायचा, परातीत हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली. ती बाई एरवी पाणी जरासं पिवळट करून दाखवायची. त्या दिवशी परात हळदीने भरल्यासारखी झाली.

"अगं माय!" बाई स्वतःच मागे सरकली. "इतकी कावीळ मी जन्मात पाह्यली नाई!"

मी ती रोज पाहत होते, कारखान्यात, भांड्यांच्या शेवटच्या पाण्यात.

"ताई, काय घेऊन राहिली तू?"

तिने उशाखालची पुडी काढली. "तळहातावर घेऊन चाटतो वं. लय कडू हाय."

"तू ओरडू नको!" आई मधे पडली. "पसिना येऊन राहिला म्हणजे चरबी वितळून राहिली, डॉक्टर म्हणे."

"चरबी नाही आई, ताई वितळून राहिली." मी तिच्या कपाळाला हात लावला. तवा.

"पण संध्याकाळी पोराकडचे येऊन राहिले ना!"

"येऊ दे. त्यांना परात दाखव."

दवाखान्यातला तरुण डॉक्टर दुरूनच म्हणाला, "ऊन लागलंय." मी भुकटीचं नाव सांगितलं. "तुम्हाला काय कळतं हो यातलं?" त्याने विचारलं. "बी.एस्सी., केमिस्ट्री. रोज हाताळते." त्याने पुस्तक उघडलं, वाचलं, आणि नर्सला हाका मारत सुटला. या विषाला उतारा नाही. बर्फ, सलाईन आणि नशीब. आई गोळेवाल्याकडून बर्फाची लादी पोत्यात घालून डोक्यावरून घेऊन आली. आम्ही दोघी ताईच्या अंगावर बर्फ फिरवत होतो आणि तो हातातल्या हातात पाणी होत होता. ताईचा श्वास धावत सुटल्यासारखा. ताप हटला तेव्हा आईची बोटं सुन्न झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी बोळाच्या तोंडाशी, त्या पाटीवाल्या डॉक्टरच्या दुकानात गेले.

"बहनजी, काही उष्ण प्रकृतींना सोसत नाही," तो म्हणाला.

"तुमची थंड दिसते. एक पुडी घ्या ना माझ्यासमोर."

त्याने पुडीकडे पाहिलं आणि पंख्याचं बटण चाचपू लागला.

मी भुकटी तपासली, अहवाल लिहिला, पोलिसांत तक्रार दिली. रिक्षातून येणाऱ्या त्या शिकलेल्या बायांपैकी एकही साक्षीला आली नाही. विष गिळायला त्यांना लाज वाटली नव्हती, गिळलं म्हणायला वाटली. आईच्या त्या मालकिणीने तर तिला कामावरूनच काढलं. पोराच्या मावशीने निरोप धाडला, "पोरगी आजारी हाय, आमाले नाई पायजे." ताई खाटेवर पडल्या पडल्या हसली. जबानी तिने एकटीने दिली, सातवीतून शाळा सोडलेल्या बाईने, अंगठा न लावता सही करून.

पुढच्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. पंचविशीतल्या बाईला! तोही त्याच पुडीचा प्रसाद. माझ्या पगारातून दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन केलं.

दुकानाला सील लागलं. ताई जगली. जाड भिंगाचा चष्मा लावून ती सुईत दोरा ओवते.