मात्सुझोंच्या तीन फुंकरी

देवळासाठी कागदाची माणसं कापायचं काम किनुएकडे आलं, ते सासूबाईंचे हात थरथरायला लागले तेव्हा. त्याला आता एक्केचाळीस वर्षं झाली. जून संपता संपता गावातला प्रत्येकजण आपल्या नावाचा वीतभर कागदी माणूस घेतो, दुखऱ्या जागी चोळतो, त्यावर तीन फुंकरी मारतो आणि नदीत सोडतो. अर्ध्या वर्षाचं पाप नि पीडा गेली वाहून. पुजारी सांगत, नदीतली देवी ते समुद्रात नेते, तिथली देवी गिळते, तिसरी पाताळात फुंकून देते, आणि पाताळातली शेवटची देवी ते घेऊन हिंडता हिंडता कुठेतरी हरवून टाकते.

हे हरवून टाकणंच किनुएला नको होतं.

नऊ वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याने, मात्सुझोंनी, आपला कागद आधी गुडघ्याला चोळला, मग चक्क जिभेला लावला.

"अहो, हे काय?"

"माझं सगळं पाप इथूनच होतं ना? तूच म्हणतेस."

हसत हसत त्यांनी तीन फुंकरी मारल्या. दोनच दिवसांनी, नदीवर जायच्या आधी, ते गेले. कागद तिने शिवणाच्या डब्यात ठेवला. दर जूनमध्ये ती तो काढायची, जिभेच्या डागावरून बोट फिरवायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. त्यांचा श्वास तेवढाच तर उरला होता.

यंदा पुजाऱ्यांची बहीण फुसाए कात्री शोधायला आली आणि तिने नेमका तोच डबा उघडला.

"अगं किनू, हे मात्सुझोंचं नाव? नऊ वर्षं?"

"असू दे. त्यात त्यांची फुंकर आहे."

"आणि गुडघा कुणाचा आहे? बिचारा वर लंगडत असेल की गं! तू त्यांचं दुखणं जपून ठेवलंयस, बाई."

किनुएने डबा बंद केला. चढ चढताना 'आई गं' म्हणणारे मात्सुझो मात्र रात्रभर तिच्या डोळ्यांपुढे येत होते.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे शुद्धीसाठी उभारलेल्या गवताच्या मोठ्या गोल कड्यातून किनुए सगळ्यांच्या मागून वाकून गेली आणि तिने नदीत दोन कागद सोडले. तिचा भराभर निघाला. त्यांचा मात्र वळणावरच्या दगडाला टेकला. त्याच दगडावर बसून ते मासे साफ करायचे, तासन् तास, गप्पा मारत.

सोडलेल्या कागदाला पुन्हा हात लावायचा नसतो. किनुएने कपडे वर खोचले, पाण्यात उतरली आणि ओंजळीने पाणी लोटलं.

"अहो, निघा आता."

कागद दगडाभोवती एकदा फिरला आणि धारेला लागला.

"गुडघा सुटला हो त्यांचा," काठावरून फुसाए म्हणाली. "आणि जीभ?"

"ती राहू द्या म्हणावं देवीला," किनुए किमोनोच्या बाहीने डोळे पुसत म्हणाली. "नाहीतर तिकडे त्यांना ओळखणार कोण?"