एका फोल्डरचा सरकारी प्रवास

सोमवार, सकाळी अकरा. जुना जालना, नईमभाईंचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. काउंटरवर माझा फोन उताणा पडलेला, काचेला वरपासून खालपर्यंत तडा.

तीस वर्षं बातमीदारी करतोय. एरवी बातमीसाठी वणवण करावी लागते. फुटलेल्या डिस्प्लेचे किस्से मात्र इथल्या स्टुलावर तासभर बसलं की आपल्या पायांनी चालत येतात.

पहिला माझाच. शेजारच्याच्या फोनवरून संपादकांना कळवलं, फोन पडला, स्क्रीन काळी झाली, दुरुस्तीला परवानगी द्या. माणूस नियमाचा पक्का. म्हणाले, "फुटलेल्या फोनचा फोटो काढा आणि त्याच फोनवरून पाठवा. ऑफिसला पुरावा लागतो."

०

माझ्या आधी नंबर होता एमआयडीसीतल्या एका स्टील मिलच्या सुपरवायझरचा. त्यांच्या फोनचा टच वेडा झालेला, बोट न लावता आपोआप बटणं दाबली जायची. कामगार व्हॉट्सॲप ग्रुपवर सुट्टी मागतात आणि साहेब प्रत्येकाची उलटतपासणी घेतात. त्या दिवशी फोन टेबलावर पडल्या पडल्या चार अर्जांना 'मंजूर'चा अंगठा देऊन मोकळा झाला.

दुरुस्तीला निघाले तर एक कामगार म्हणाला, "साहेब, हाय तसाच राहू द्या. तुमच्यापेक्षा समजदार हाय."

०

तेवढ्यात शोभाताई आल्या. टेंभुर्णीकडच्या एका वस्तीवर अंगणवाडी चालवतात. रोज मुलांचा फोटो काढून ॲपवर हजेरी टाकायची, तीही खात्यानं दिलेल्या फोनवरूनच. हजेरी नाही म्हणजे अंगणवाडी बंद, आणि बंद अंगणवाडीला सेविका कशाला ठेवायची, असा साधा सरकारी हिशेब.

महिन्यापूर्वी हा फोन पडला. नईमभाईंनी तपासून सांगितलं, "ताई, काच बी गेली, डिस्प्ले बी गेला. पूरा फोल्डर बदलावा लागतो." दुरुस्तीवाले काच आणि डिस्प्ले जोडलेल्या भागाला फोल्डर म्हणतात. सरकारी फोन परस्पर उघडायचा नाही, म्हणून ताईंनी ऐकला तसा शब्द अर्जात लिहिला: 'फोल्डर खराब झाले आहे, नवीन मिळावे.'

सरकार हलत नाही म्हणणाऱ्यांनी लक्ष द्यावं. आठ दिवसांत फोल्डर आलं. पुठ्ठ्याचं, निळं, नाडी असलेलं. सोबत पोचपावती: 'फोल्डर मिळाले. तक्रार निकाली.' आणणाऱ्या शिपायाला उशीर होत होता, ताईंनी सही केली.

मग ताई पुन्हा खात्याच्या कार्यालयात गेल्या. तिथल्या बाबूनं ऐकवलं, "तुम्हाला फोल्डर दिलं ना? आता काय फोन बी सरकारनंच नीट करून द्यायचा?" शेवटी तोंडी परवानगी मिळाली आणि गेल्या गुरुवारी त्यांनी फोन नईमभाईंकडे सोडला.

०

आज ताईंच्या हातात कागद होता. बंद अंगणवाडीबद्दल नोटीस दिली होती, आता तुमच्यावर कारवाई का करू नये, असा.

"भाऊ, म्या रोज लेकरं सांभाळून राह्यले," ताई म्हणाल्या. "नोटीस तर मला भेटलीच न्हाई."

नोटीस ॲपवर पाठवली होती.

माझा फोन तसाच टाकून मी ताईंसोबत कार्यालयात गेलो. बाबूला विचारलं, ज्या बाईची स्क्रीन काळी आहे तिनं नोटीस वाचायची कशी? त्यानं कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. नोटीस शुक्रवारी सकाळी गेलेली. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी शोभाताईंनी ती उघडलेली.

मी तिथूनच नईमभाईंना फोन लावायला सोबत आलेल्या ताईंच्या भाच्याचा मोबाइल घेतला. ते म्हणाले, "गुरुवारपासून खोलून ठेवलाय. डिस्प्ले अलग, बॅटरी अलग. संभाजीनगरहून माल आला न्हाई."

बाबूला हे सांगितलं. त्यानं लेखी अर्ज मागितला. मी दिला, सही-शिक्क्याची पोच घेतली. तिथल्या साहेबांची चौकशी केली, ते दौऱ्यावर. ॲपवाल्यांना मेल केला, तक्रार क्रमांक आला.

बाबूच्या कॉम्प्युटरवर पुढंही नोंद होती, नोटीस नुसती उघडलेली नाही. शुक्रवारी चार वाजून बारा मिनिटांनी, त्याच फोनवरून, शोभाताईंच्या नावानं खुलासाही दाखल आहे: 'चूक मान्य आहे.'