रजिस्ट्रीच्या आवाजात

गजभिये काका कविता जमिनीच्या रजिस्ट्रीसारखी वाचत. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या कोर्टाबाहेर, माझ्या स्टॅम्पपेपरच्या टेबलाला लागून त्यांचं टायपिंगचं टेबल होतं. कागद टाइप झाला की तो दोन्ही पक्षांना वाचून दाखवायचा आणि मगच सही घ्यायची, ही तिथली रीत. काकांनी ती कवींनाही लावली. जिल्ह्यातले मराठी लिहिणारे हौशी लोक कविता टाइप करून घ्यायला त्यांच्याकडेच येत. काका आधी ती वाचून दाखवत, चतुःसीमा वाचतात त्या आवाजात: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाला. चढ नाही, उतार नाही.

कोणी कारण विचारलं तर म्हणत, "गाऊन वाचली तं गाडीचं टाइमटेबल बी गोड लागते. सपाट वाचून उभी राह्यली, तं समजा तिले पाय हायेत."

मला कवितेत रस नाही. हातातलं काम करताना कानावर पडे तेवढंच.

लालबर्ऱ्याचे एक निवृत्त मास्तर एकदा चाळीस ओळींची कविता घेऊन आले. कविता कशी जन्मते यावरच ती होती. कार्यक्रमांत ते ती चालीवर म्हणत आणि टाळ्या घेत. काकांनी त्यांच्या पद्धतीने वाचली. रक्ताची शाई पाचदा आली. वाचून झाल्यावर काकांनी चष्मा काढला. "मास्तर, एवढं रक्त जाऊन राह्यलं, दवाखान्यात दाखवलं का?"

मास्तर कागद उचलून चालते झाले. महिन्याभराने परत आले तेव्हा ओळी अकरा होत्या आणि रक्त नव्हतं. काकांनी त्या तशाच सपाट वाचल्या आणि टाइप करून दिल्या.

मागच्या वर्षी नागपूरला काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मग ते चिठ्ठ्या लिहून बोलत. डॉक्टरांनी फार दिवस सांगितले नव्हते. एका दुपारी त्यांनी हाताने लिहिलेला कागद माझ्यापुढे सरकवला. बारा ओळी होत्या, त्यांच्या स्वतःच्या. इतकी वर्षं शेजारी बसून ते लिहितात हे मला ठाऊक नव्हतं. सोबत चिठ्ठी: "उभी राह्यते का पाहायचं हाये. तुमीच वाचा. तुमाले कवितेची आवड नाही."

मी वाचू लागले. ओळ पडली की ते बोट वर करत, मी ती खोडून पुढे जाई. नऊ ओळी गेल्या. शेवटच्या ओळीला माझा आवाज जरा हलला. त्यांनी टेबलावर बोट आपटलं आणि लिहिलं, "दया काढा. पुन्हा."

मी पुन्हा वाचलं, पूर्वेस रस्ता वाचावा तसं. या वेळी बोट उठलं नाही. उरलेल्या तीन ओळी त्यांनी स्वतः टाइप केल्या आणि प्रत माझ्याकडे दिली. त्यानंतर ते टेबलावर आले नाहीत.

वॉर्डातल्या विहारात शोकसभा झाली. दोघातिघांनी काकांवर रचलेल्या कविता चालीवर म्हटल्या. मग मला उठवलं. मी प्रत काढून वाचली:

मी दुसऱ्यांचे कागद टाइप केले.
ज्या ओळीवर बोट अडखळलं,
तिथे कोणीतरी खरं बोललं होतं.

लोकांना वाटलं, अजून पुढे आहे. नाही हे कळल्यावर मागून एक बाई म्हणाली, थोडं भावनेनं तरी वाचायचं. लालबर्ऱ्याचे मास्तर पहिल्या रांगेत होते. ते उठून उभे राहिले.

"बाई, अजून एकदा वाचा," ते म्हणाले. "अशीच."

मी वाचली.