पडद्यामागचं वाक्य

एल्सी बार्लोबाईंना उभ्या आयुष्यात कुणी नायिका केलं नाही. इंग्लंडमधल्या स्कारबरोच्या आमच्या नाटक कंपनीत त्या कायम नायिकेची मावशी, नाहीतर चहा आणणारी मोलकरीण. दर सोमवारी नवं नाटक. संध्याकाळी चालू नाटकाचा प्रयोग, सकाळी पुढच्याची तालीम आणि त्याच्याही पुढच्याचं पाठांतर भाड्याच्या खोलीत, पाय शेकत. असं करता करता साठी उलटली. नवरा नाही, घर नाही. एक ट्रंक, आणि डोक्यात एकमेकींत मिसळून गेलेल्या ढीगभर मावश्या.

मी विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवणारी प्रॉम्प्टर. त्या हंगामात बाई इतक्या अडखळायला लागल्या, की पुढच्या रांगेतले लोक माझा आवाज ओळखू लागले. शेवटी मालक क्रॅब्ट्री भडकले.

"एल्सी, आणखी एकदा जरी आयव्हीचा आवाज बाहेर ऐकू आला ना, तर शनिवारी ट्रंक भरायची!"

"भरलेलीच असते हो ती," बाई म्हणाल्या. पण रंगपटात येऊन मटकन बसल्या. "आयव्ही, इथून काढलं तर मला कोण घेणार गं?"

मी त्यांच्यासमोर पुढच्या नाटकाची वही उघडून धरली.

नेमकी त्याच आठवड्यात पुढच्या नाटकात आईचं काम करणारी नटी आजारी पडली आणि ती भूमिका बाईंच्या गळ्यात आली. तालमीत त्या एकदाही चुकल्या नाहीत. पण नाटकाचं शेवटचं वाक्य आमच्यात तालमीत बोलत नाहीत. प्रेक्षकांआधी नाटक पुरं केलं तर ते आपटतं, असं सगळे मानतात. देवाला न मानणारे क्रॅब्ट्रीसुद्धा. आणि ते वाक्य बाईंचं होतं.

सोमवारी प्रयोग छान रंगला. शेवटी मुलगा घर सोडून जातो आणि आई टेबलावरच्या दोन कपांकडे बघत म्हणते, "बरं. मग आज एकच कप."

बाई कपांकडे बघत उभ्या राहिल्या. नुसत्याच. मग त्यांनी विंगेत माझ्याकडे पाहिलं आणि मी ओळखलं, वाक्य विसरल्या. वाक्य माझ्या ओठांवर होतं, पण प्रेक्षागृहात मागच्या भिंतीशी क्रॅब्ट्री उभे होते. मी पडदेवाल्याला हात केला. पडदा पडला.

पलीकडे टाळ्या सुरू झाल्या. बायका डोळे पुसत होत्या म्हणे. क्रॅब्ट्री धावत आत आले. "एल्सी, न बोलता! काय सुचलं गं तुला! रोज असंच करायचं. तोंड उघडलंस तर बघ!"

"वाचवलंस गं बये," बाई मला हळूच म्हणाल्या.

मंगळवारी त्या लवकर आल्या. "आठवलं! सकाळी अंडं उकडताना आठवलं. आता विसरता विसरत नाही."

"पण बाई, मालक..."

"माहीत आहे गं." त्या थकून हसल्या. "इतक्या वर्षांत शेवटचं वाक्य पहिल्यांदाच माझ्या वाट्याला आलं होतं."

संध्याकाळी त्या कपांकडे बघत गप्प उभ्या राहिल्या. पडदा पडला, पलीकडे टाळ्यांचा पाऊस सुरू झाला. बाई पडद्याच्या कापडाकडे तोंड करून, एकही शब्द न चुकता, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बरं. मग आज एकच कप."