पाठीमागची डावी बाजू

बारा वर्षांपूर्वी, हवा अगदी कोरडी असताना, बेटाची यंत्रं सांभाळणाऱ्या टुरिडने लोकरीचा स्वेटर अंगात असतानाच आमचे फोन-इंटरनेट चालवणाऱ्या राउटरमधलं कार्ड काढलं. बोटातून बारीक ठिणगी उडाली आणि आमचं बेट तीन दिवस मुकं झालं. तेव्हापासून दुकानात, धक्क्यावर, चर्चच्या दारात लोक तिला एकच विचारतात, "टुरिड, स्वेटर काढलास का?" ती हसते. पण राउटरच्या त्या यंत्रखोलीचं दार उघडताना तिचे हात कसे होतात ते मी पाहिलं आहे.

त्या सकाळी वादळामुळे शाळा बंद होती, म्हणून आरोग्यकेंद्राशी बोलायला होडीवरचा वायरलेस धरून मी तिच्याबरोबर गेले. राउटरला वीज देणारे दोन डबे असतात. एक बंद पडला होता. दुसऱ्याचा पंखा घरघरत होता. तिकडे आरोग्यकेंद्रात इंगर अडली होती. मूल पायाळू. किनाऱ्यावरची डॉक्टर पडद्यावर बघून सुईण गुडवेगला हात कुठे धरायचा ते सांगत होती. हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. हा उरलेला डबा थांबला, तर पडदा काळा.

"स्वेटर काढलास का गं?" वायरलेसवर गुडवेगने विचारलं. आवाजात थट्टा नव्हती.

"काढला."

"मग हात चालव बाई. पाय दिसायला लागलेत."

त्या गारठ्यात टुरिड सुती बनियनवर उभी होती. मनगटाला अंगातली ठिणगी उतरवणारा पट्टा, पट्ट्याचा चिमटा राउटरच्या कपाटाच्या उघड्या लोखंडाला. तिने समोरचे दिवे पाहिले. डावा विझलेला.

"डावा," ती म्हणाली.

"डावा," मीही म्हणाले.

ती कपाटामागे गेली आणि डाव्या डब्याची वायर मुठीत धरली. आता ओढणार, तोच तिचा चेहरा पांढरा पडला.

"वारा येतोय," ती पुटपुटली. "कोमट वारा. अगं, हा जिवंत आहे."

मागून डावं म्हणजे समोरून उजवं. बारा वर्षं जपून काम करणारी बाई, आणि भीतीने एवढंच विसरली होती. तिने एकेक बोट सोडवलं. दुसऱ्या डब्यावर तळवा ठेवला. गार. त्याचं बटण बंद केलं, वायर काढली, स्क्रू सोडवला, डबा सरळ बाहेर ओढला. नवा आत सरकवला, स्क्रू आवळला, वायर लावली.

"दिवा बघ."

"नाही लागला."



"बटण!" ती ओरडली आणि तिनेच दाबलं. हिरवा.

मिनिटभरात उरलेल्या जुन्या डब्याची घरघर थांबली; आता सगळा भार नव्यावर. आम्ही दोघी त्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिलो. मग वायरलेस खरखरला.

"मुलगी झाली," गुडवेग धापा टाकत म्हणाली. "चित्र एकदाही गेलं नाही गं. रडतेयस का काय?"

"थंडी वाजतेय," टुरिड म्हणाली.

मग तिने चिकटपट्टी फाडून दोन्ही डब्यांच्या पाठीवर लिहिलं: समोरून डावा, समोरून उजवा. अक्षरं इतकी थरथरली होती की दुसऱ्या दिवशी जाऊन तिला ती पुन्हा लिहावी लागली.