पोचल्याचं पत्र

आमच्या घरात रत्नागिरीचा विषय निघाला की वडील ताटावरून मान वर न करता म्हणायचे, "तिथं आपलं कुणी नाही." आजोबा तिथून इंदूरला मिलमध्ये कारकुनी करायला आले ते परत गेलेच नाहीत. मागून कुणी साधी चौकशी केली नाही, असा वडिलांचा राग होता. तो त्यांनी मला मल्हारगंजातल्या घरासकट दिला आणि मी घरापेक्षा तो राग जास्त जपला.

म्हणून मी निवृत्त झाल्यावर बायकोने तीन दिवस रत्नागिरीला जायचं काढलं, तेव्हा मी आधीच अट घातली. समुद्र पाहायचा, परत यायचं, कुणाच्या दारात जायचं नाही. "बिलकुल नाही," असं म्हणत तिने शेवेची चार पाकिटं बॅगेत भरली. दोघांना तीन दिवसांत एवढी शेव लागत नाही, हे इंदूरबाहेरचं मानपूर मागे पडल्यावर माझ्या लक्षात आलं.

"हे कुणासाठी?"

"समुद्राला वाहायला," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

पहिला दिवस किनाऱ्यावर गेला. समुद्र मला फार आवडला आणि त्याचाच राग आला. साठी उलटेपर्यंत हे आपल्यापासून कुणी लपवून ठेवलं, असं वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी वेटरला अगदी सहज विचारलं, आमच्या आडनावाची माणसं इथं कुठल्या भागात राहतात?

बायको हसली. "अहो, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? चला ना सीधे." रिक्षावाल्याला तिने "भिया, जरा आराम से घ्या हं" असं बजावलं. तो बिचारा उतारभर आरशातून तिच्याकडे बघत होता.

दार एका ऐंशीच्या पुढच्या गृहस्थांनी उघडलं. मी आजोबांचं नाव सांगितलं. हे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ निघाले. मला वाटलं, आता विचारणार, जमिनीच्या कागदांसाठी आलात का? त्यावरचं झणझणीत उत्तर मी तयारच ठेवलं होतं. पण ते आत वळून ओरडले, "अगो, इंदूरची माणसं आली! नारळ काढ."

काकांनी देवापुढे नारळ धरून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. घरच्या माणसांसाठी देवाकडे मोठ्यानं मागायचं आणि इतरांनी होकार भरायचा, अशी तिकडची रीत.

"बा देवा म्हाराजा, घरादाराला सांभाळ."

"व्हय म्हाराजा," काकू म्हणाल्या.

"मुंबईस आहेत त्यांच्या पाठीशी राहा."

"व्हय म्हाराजा."

"इंदुरास चाकरीला गेलेलं लेकरू सुखरूप पोचूंदे, आणि त्याचं पत्र येऊंदे."

काकूंनी होकार भरला. मला तो भरता आला नाही.

"ही ओळ आमच्या आजीची," नारळ फोडून झाल्यावर काका म्हणाले. "तुझा आजोबा तिच्याशी भांडून गेला. ती मरेपर्यंत पोस्टमनची वाट बघायची. मग माझे वडील म्हणायला लागले, नंतर मी. काढणार कशी? पत्र आलंच नाही ना."

म्हणजे तिथून कुणी विचारत नाही म्हणून आजोबा इंदुरात फुगून बसले होते, आणि त्यांची आई इथं देवाला विचारत होती. आमच्या नाकावरच्या रागाची मला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली. मी रडलो, तेही परक्या ओसरीवर. परकी तरी कशी म्हणू!

"काका, ते पोचले," मी म्हणालो. "चांगले पोचले."

"मग आता ही ओळ काढू?"

माझ्याआधी बायको बोलली. "नको काका, राहू द्या. आम्हाला पण उद्या निघायचं आहे ना."

घरी आल्याआल्या तिने काकूंना फोन केला, शेव आवडली का तेही विचारून घेतलं. मी मात्र पोस्टात जाऊन कार्ड आणलं. तिकडून पत्रच मागितलं होतं. त्यावर 'सुखरूप पोचलो' एवढंच लिहिलं. खाली आधी आजोबांचं नाव घातलं, मग माझं.